तांब्याच्या भांड्यावरचं कुंकू

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एका तांब्याच्या भांड्यात खून झाला. माणसाचा असता तर पोलीस आले असते, पंचनामा झाला असता, साहेबांना चहा झाला असता. इथं एका मुलीच्या कित्येक वर्षांच्या कामाचा गळा दाबला गेला आणि वर तिलाच सांगण्यात आलं, की दाबणारी तूच.

कॉलेज जिंतूरच्या रस्त्यावर होतं एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर काठी घेऊन येतील असे दोघं-तिघं अजून हयात आहेत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. मी तिथं ग्रंथपाल. थापाड्या म्हणून पंचक्रोशीत माझं नाव आहे आणि ते मी मेहनतीनं कमावलंय. एकदा येलदरीच्या धरणातला मासा मला बघून परत फिरला, कारण त्याची लांबी मी आधीच वाढवून सांगितली होती. पण ह्या गोष्टीत थाप नाही. तिचा मला अजून इतका राग आहे, की तिला नटवायची इच्छाच होत नाही.

मुलीचं नाव सत्यशीला. ताडकळसच्या भगवानराव गुरुजींची लेक, रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. तिचं संशोधन नायट्रोबेंझीनवर. नायट्रोबेंझीन म्हणजे बदामाच्या वासाचं पिवळसर विष. लोक त्यातून कामाचे पदार्थ काढायला लोखंडाचा कीस वापरतात आणि मागं काळ्या चिखलाचे ढीग ठेवतात. ही पोरगी ते विजेनं करत होती. तिच्या आईनं, सुलाबाईनं, ताडकळसच्या बाजारातून घेऊन दिलेलं तांब्याचं भांडं, त्यात पातळ केलेलं गंधकाचं आम्ल. विजेचं ऋण टोक भांड्याला. भांड्याच्या मध्यात कच्च्या मडक्यासारखं पाझरतं चिनीमातीचं नळकांडं, त्यात शिशाची पट्टी, तिला धन टोक. वर नायट्रोबेंझीन टाकायचं, तापवायचं, बटण दाबायचं. वीज त्याच्या अंगातला ऑक्सिजन ओढून घेते, जागी हायड्रोजन बसवते, आणि शेवटी हाती पांढरी भुकटी येते. त्या भुकटीची पुढं ताप उतरवायची गोळी होते. येलदरीची वीज आणि आईचं भांडं, बस.

ते बघायला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतून एक वयस्कर शास्त्रज्ञ आले होते. पटलं तर ते तिला आपल्याकडं नेणार होते. त्याच संध्याकाळी कॉलेजच्या मंडळाची बैठक होती, तीत तिची नोकरी कायम व्हायची होती.

त्या सकाळी पाहुणे आणि सत्यशीला परभणीकडून आलेल्या एकाच गाडीतून उतरले. ती धम्मचक्र दिनासाठी गावी गेली होती, खंडेनवमीच्या सकाळीच. जाताना भांड्यात आम्ल भरून, नळकांडं भिजत ठेवून, वर काचेचं झाकण ठेवून गेली होती. मी दोघांना स्टँडवरून थेट प्रयोगशाळेत आणलं. दार आधीच उघडं होतं. आत विभागप्रमुख आबासाहेब, दुसरा डेमॉन्स्ट्रेटर पंडित आणि शिपाई दत्तराव.

आबासाहेबाला ह्या गोष्टीत मी अहोजाहो करणार नाही. सवय झाली असेल तर वाचकांनी आपापली करावी.

भांड्याच्या पोटावर लाल पट्टा होता. खाली दोन ओघळ. सत्यशीलेनं तो बघितला आणि तिचा चेहरा दगड झाला. तिच्या घरानं छप्पन साली सोडलेल्या गोष्टींत कुंकवाची पूजाही होती. तिनं दत्तरावकडं असं बघितलं की तो दोन बोटं बुटका झाला. पण पाहुण्यांसमोर ती बोलली नाही. आबासाहेबच हसून पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला, परवाच्या खंडेनवमीचं कुंकू आहे, आमची माणसं भाविक.

मग तिनं नायट्रोबेंझीन ओतलं, बटण दाबलं. खोलीभर बदाम दरवळला. आम्ही वाट बघत राहिलो. आणि भांड्यात हळूहळू केशरी रंग चढला. आधी फिका, मग झेंडूसारखा, मग विटेसारखा लाल. पांढऱ्या भुकटीचा पत्ता नाही.

"थांबा," सत्यशीला म्हणाली. "हे आम्लात होतच नाही. लिटमस द्या मला."

पण आबासाहेब तिच्या पुढं झाला. विषारी आहे, पाहुण्यांना बाधेल, ओतून टाक म्हणाला. आणि दत्तरावनं नळ सोडून सगळं मोरीत ओतलं. मग आबासाहेब पाहुण्यांना म्हणाला, पद्धत माझी आहे आणि ती पक्की आहे. आणि आमच्याकडं वळून, मराठीत, खालच्या आवाजात:

"हिचा हात लागला की असंच व्हायचं." पंडित फिसकन हसला.

आमच्या भागात 'हात लागला' ह्या दोन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

२

सत्यशीला राहायची वीरुपाक्षआप्पांच्या घरात, मागच्या खोलीत. गावात खोली शोधताना आडनाव ऐकलं की लोकांच्या खोल्या अचानक भरलेल्या निघायच्या. आप्पांनी आडनाव विचारलंच नाही. फक्त विचारलं, रेडिओ मोठ्यानं लावतीस का.

आप्पा निजामाच्या काळातले आबकारी दारोगा. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि मधे नाक. त्या नाकाच्या मी पुष्कळ गोष्टी रचल्यात, पण खरी एवढीच की रझाकारांच्या धामधुमीतही हा माणूस विहिरीच्या काठावर उभा राहून, तळाला दारूचा डबा आहे का नाही ते सांगायचा. दुसरी खरी गोष्ट म्हणजे त्यांचा राग. तो उकळत नसे, मंद आचेवर असे, आणि विझत नसे. ते कॉलेजच्या मंडळावरही होते. जमीन त्यांनीच दिली होती.

मी सत्यशीलेला घेऊन गेलो तेव्हा भागम्माआक्का अंगणात धुणं भिजवत होत्या. पोरगी रडत नव्हती. तेच भयंकर होतं.

"आप्पा, तो रंग मला माहीत आहे," ती म्हणाली. "आम्लाऐवजी कॉस्टिक सोडा असला तर दोन-दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि असला केशरी पदार्थ होतो. भांड्यात कॉस्टिक होतं. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. कुणीतरी बदललं."

"मग तसं सांग बैठकीत."

"सरांना सांगितलं. ते म्हणतात, तूच चुकून कॉस्टिकची बाटली ओतून गेलीस. नाहीतर आधीचे सगळे निकाल खोटे होते. दोन्हीत मीच. आणि भांड्यातलं सगळं मोरीत गेलं."

आप्पांनी विचारलं, संध्याकाळी काय होणार. ती म्हणाली, काढून टाकतील, आणि लबाडीचा शेरा मारून काढतील. मग कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. पाहुणे शेवटच्या गाडीनं निघतायत. तिच्या मागं ताडकळसात दहावीच्या पुढं शिकायला निघालेल्या तीन-चार मुली होत्या, त्यांच्या आयांना उद्या हेच ऐकवलं जाईल.

"सर काय म्हणले नेमकं?"

तिनं सांगितलं नाही. मीच सांगितलं, ते 'हात लागला', आणि त्यावर पंडित हसला तेही.

आप्पांनी विभूतीवरून बोट फिरवलं. "पोरी, जेवून घे," ते म्हणाले. "मला तफतीश करायचीय. आन् हे ग्रंथपाल, तुमी माझ्यासंगं चला. पण तोंड उघडू नका. तुमी तोंड उघडलं की गुन्हेगार वाढतात."

३

प्रयोगशाळेत जाताच आप्पांनी हुंगलं आणि शिवी दिली. बदाम. सगळीकडं बदाम. आयुष्यभर पोसलेलं नाक त्या दिवशी कामाचं राहिलं नव्हतं.

आबासाहेबानं त्यांना खुर्ची दिली. तोंडात साखर. पोरीला मीच वर आणलं म्हणाला, आमच्या समाजातले लोक नावं ठेवत असतानाही आणलं. पद्धत माझी, राबायला ती. पण काही गोष्टी रक्तात लागतात आप्पा, नेम, काटेकोरपणा. त्याला काय करणार.

आप्पा ऐकत राहिले. कानामागची शीर तेवढी उडत होती. त्यांनी विचारलं, खोलीच्या किल्ल्या कुणाकडं. तीन होत्या: आबासाहेबाकडं, पंडितकडं, दत्तरावकडं. खंडेनवमीला पूजा कुणी केली?

"माझ्याच हातची," आबासाहेब म्हणाला. "नारळ मी फोडला. दत्तराव एकेक यंत्राला लावत गेला, मी शेजारी उभा होतो. ह्या गोष्टी मी नोकरांवर सोडत नाही. मग कुलूप लावलं. दसऱ्याला सुट्टी. मी दिवसभर लोकांच्या घरी सोनं वाटत हिंडलो, अख्ख्या गावाला विचारा."

अख्ख्या गावाला विचारायचं म्हणजे कुणालाच विचारू नका. गावात दसऱ्याला सगळेच हिंडतात आणि कोण कधी कुठं होतं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पंडित कोपऱ्यात उभा होता. त्या मुलीची जागा कायम झाली नाही तर ती त्याला मिळणार, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. सकाळपासून तो उजवा हात खिशात घालून होता. आप्पांनी हात पुढं करायला सांगितला. तो म्हणाला, कशाला.

"नमस्कार करायलोय. हात दे."

हात बाहेर आला. तळव्यापासून मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं. कडेनं सुजलेली लालभडक कातडी दिसत होती. मी सत्यशीलेच्या तोंडून एकदा ऐकलं होतं, की कॉस्टिक अंगावर सांडलं तर कातडी अशीच उतरते.

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "दार लावा."

४

पंडितनं आधी सांगितलं, भजी तळताना तेल उडालं. मग सांगितलं, दारात बोट चेंगरलं. आप्पा म्हणाले, दोन्ही खोटं, आता तिसरं सांग. मग त्याचे डोळे भरले.

खंडेनवमीला हा गडी आपट्याची फांदी तोडायला माळावर गेला होता. दगड उचलला, विंचू चावला. पूजेला तो आलाच नाही. अंगाची आग व्हायला लागली तेव्हा घरच्यांनी उचलून मांत्रिकाच्या अंगणात टाकला. ती रात्र, दसऱ्याचा अख्खा दिवस, आज उजाडेपर्यंत तो तिथं लोळत होता. अख्ख्या गल्लीनं त्याचं बोंबलणं ऐकलं होतं, एका म्हातारीनं तर तोंडात पाणी घातलं होतं.

"मग लपवायलास कशाला?"

"आप्पा, मी विज्ञानाचा माणूस. पोरांना अंधश्रद्धेवर भाषण देतो. मांत्रिकानं माझ्यावरून कोंबडा उतरवला, कानात मंत्र फुंकला हो."

आप्पांनी फडकं सोडून बघितलं. विंचवाची नांगी जिथं शिरली ती जागा काळीनिळी, स्वच्छ दिसत होती. तुझी किल्ली कुठं होती विचारलं, तर कमरेच्या करदोट्यालाच, मांत्रिकानं तीसुद्धा सोडू दिली नव्हती. लोखंड उतारा धरतं म्हणे. मी हसणार होतो. आप्पांच्या चेहऱ्याकडं बघून गिळलं.

बाहेर पडल्यावर ते थांबले. "ह्याच्या जळण्यात दम न्हाई," म्हणाले. "हा सकाळी हसला, पण त्याला हसायला कुनीतरी आणून दिलं व्हतं."

उन्हं कलायला लागली तरी हाती काहीच नव्हतं. आप्पा घरी आले ते चिडूनच. अंगणात भागम्माआक्का त्यांच्या दसऱ्याच्या धोतराला साबण लावत होत्या, आणि तोंडानं नवऱ्याचा उद्धार चालला होता. जेवताना वरण सांडून घेतलं, हळदीचा डाग पडला, म्हातारपणी लाळेरं बांधायची पाळी आली. साबण फिरला तसा पिवळा डाग लालभडक झाला.

आप्पा बघत राहिले.

"आगं, हे लाल कशानं झालं?"

"चाळीस वर्सं डाग पाडायलाव, आज बघायलाव व्हय?" आक्का म्हणाल्या. "हळदीला साबण लागला की लालच व्हतंय. लिंबू चोळलं की परत पिवळं."

आप्पांनी चपला घातल्या. मला म्हणाले, "दत्तरावचं घर दाखवा." आणि वाटेत देवळाजवळच्या म्हातारीकडून दोन लिंबं घेतली.

दत्तराव दारातच भेटला. खंडेनवमीच्या संध्याकाळीच तो बायकोमुलांना घेऊन चारठाण्याला सासुरवाडीला गेला होता आणि आज सकाळच्या गाडीनं आला होता, म्हणजे दसऱ्याला तो इथं नव्हता. आल्यावर दार उघडं दिसलं, आत आबासाहेब एकटाच होता. आप्पांनी एकच गोष्ट विचारली. भांड्याला काय लावलंस.

दत्तराव कसनुसा झाला. "आप्पा, बाईला सांगू नका. बाईला कुंकू चालत न्हाई, मला ठावं हाय. पन सगळ्या यंत्रांची पूजा आन् बाईचंच भांडं कोरडं, हे बी मनाला बरं वाटंना. रुसलं म्हंजे? म्हनून तराजूला, बंबाला हळद-कुंकू लावलं, आन् बाईच्या भांड्याला निस्ती हळद. हळद काय, औषधच हाय. बोटं बुडवून पट्टा वढला."

"मग आज सकाळी लाल कसं?"

"म्या बी चाट पडलो. वाटलं, पंडितसायबानं बाईला चिडवाया वरून कुंकू फासलं. बाई माज्याकडं अशा बघायल्या की जीव गेला. पन पाव्हन्यांपुढं काय बोलू?"

आप्पा तिथंच पायरीवर बसले. मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, आणि ह्या वेळी बदामामुळं नव्हे.

"पोरगी एवढी शिकलेली," मी म्हणालो. "तिला कसं कळलं नाही?"

"तिला राग आला. कुंकू म्हणून आला. आपल्याकडं लाल दिसलं की कुंकूच." ते उठले. "कुनीतरी आपल्या सगळ्यांच्या ह्या सवयीवर बसून हसायलंय. चला."

५

बैठक प्रयोगशाळेतच भरवायला आप्पांनी लावली. अध्यक्ष शिवरुद्रअण्णा, कापडाचे व्यापारी, सभ्य माणूस. भांडण दिसलं की त्यांना खोकला यायचा. पाहुणे पिशवी घेऊन तयार बसलेले. सत्यशीला भिंतीशी उभी. मधल्या टेबलावर ते तांब्याचं भांडं, दत्तरावनं आतून धुतलेलं, बाहेरून कुणी हात न लावलेलं. पट्टा आणि ओघळ तसेच.

आबासाहेबानं ठराव वाचायला सुरुवात केली. आप्पा म्हणाले, आधी माझं ऐका. मी जुना आबकारीवाला, दारूचा गाळ चाखून भट्टी कुणाची ते सांगायचो. आज नाक गेलंय, म्हणून डोळ्यानं सांगतो.

त्यांनी पाहुण्यांना विचारलं, मी दुभाष्या. सकाळी बटण दाबायच्या आधी हा लाल पट्टा होता का? होता. कुणी काय सांगितलं त्याबद्दल? पाहुण्यांनी आबासाहेबाकडं बोट केलं: पूजेचं कुंकू, असं हे म्हणाले.

मग दत्तरावला उभं केलं. तो सत्यशीलेकडं न बघता म्हणाला, बाईच्या भांड्याला निस्ती हळद लावली व्हती. सत्यशीलेनं झटकन मान वर केली. तिची नजर भांड्यावर गेली आणि तिथंच खिळली. तिला सगळं कळलं होतं, पण आप्पांनी हातानं थांब म्हटलं.

ते तराजूपाशी गेले. त्याच्या पितळी खांबावर दत्तरावनं लावलेलं बाजारचं कुंकू होतं. त्यावर लिंबू पिळलं. कुंकू लालच राहिलं, जरा ओघळलं एवढंच. मग दुसरं अर्धं लिंबू घेऊन ते भांड्याच्या पट्ट्यावर धरलं आणि पिळता पिळता थांबले.

"आबासाहेब, तुमी रसायनाचे प्रमुख. पाहुणे एवढ्या लांबून आलेत. पिळायच्या आधी सांगा, रंग काय होईल?"

खोलीत पंखा फिरत होता. एवढा साधा प्रश्न, पण मी त्या माणसाच्या कपाळावर घाम फुटताना बघितला. लाल राहील म्हणावं, तर पुढच्या क्षणी देशातल्या मोठ्या शास्त्रज्ञासमोर शाळकरी पोरासारखा चुकलेला ठरणार. पिवळा होईल म्हणावं, तर हळद ओळखता येत असूनही सकाळी कुंकू कशाला म्हणाला, हे सांगावं लागणार. माहीत नाही म्हणायची सोय होती. पण 'मला माहीत नाही' हे शब्द त्या तोंडानं जन्मात उच्चारले नव्हते.

पाहुणे चष्मा सावरून पुढं झुकले. त्या झुकण्यानंच त्याचा घात केला.

"पिवळा," आबासाहेब म्हणाला.

"का?"

"हळद अल्कलीत लाल होते. आम्लानं परत पिवळी."

आप्पांनी लिंबू न पिळता खिशात टाकलं.

"आता ऐका," ते अध्यक्षांना म्हणाले, आणि आवाज इतका खाली आणला की शिवरुद्रअण्णांचा खोकला थांबला. "पोरगी खंडेनवमीच्या सकाळी गेली. हळद लागली दुपारनंतर. तिनंच आधी कॉस्टिक भरलं असतं, तर हळद बाहेरून कोरड्या भांड्यावर लागून पिवळीच राहिली असती. हे ओघळ हळदीच्या वरून आलेत. म्हंजे हळदीनंतर कुनीतरी आम्ल ओतून टाकलं, कॉस्टिक भरलं, आन् भरताना सांडलं. ती तवा ताडकळसात. आज ती आली ती पाहुण्यांसंगं, अन् त्या आधीच पट्टा लाल. किल्ल्या तीन. दत्तराव चारठाण्यात. पंडितची किल्ली मांत्रिकाच्या अंगणात, पंडितसकट."

पंडितनं खाली बघितलं.

"राहिली एक. पूजेला शेजारी उभं राहून ज्यानं पिवळा पट्टा बघितला, त्यालाच आज लाल पट्टा बघून नवल वाटायला पायजे व्हतं. दत्तरावला वाटलं. ह्यांना न्हाई वाटलं. हे रसायन शिकवणारे. ह्यांनी पाहुण्यांना आपणहून सांगितलं, कुंकू हाय. आन् लिटमस मागायच्या आत भांडं मोरीत रिकामं करवलं."

आबासाहेब उभा राहिला. आधी म्हणाला, हा माझा अपमान आहे. मग म्हणाला, पुरावा काय, एक डाग. मग पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत काहीतरी सांगायला लागला. पण पाहुण्यांनी पिशवी खाली ठेवली आणि फक्त एवढंच विचारलं, की पद्धत तुमची म्हणता, तर ह्या नळकांड्याला आधी भिजत का ठेवावं लागतं. आबासाहेब नळकांडं हातात घेऊन उलटंसुलटं बघायला लागला. त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं पद्धत त्याची होती आणि त्याला माहीत नव्हतं.

मग मात्र तो फुटला. "ह्यांनी येतो म्हणून कळवलं ते तिला भेटायला," तो म्हणाला. "माझ्या विभागात. माझं नाव नाही. तिला नेणार, तिच्या नावानं छापणार. मग मी कोण? तिचा शिपाई? तिच्या हातून बिघडलं असतं तर पद्धत तरी माझी राहिली असती."

शिवरुद्रअण्णा खोकले. आणि आता त्यांनी जे केलं त्याचा मला त्या भांड्याहून जास्त राग येतो. ते म्हणाले, झालं ते वाईट झालं. आबासाहेबांनी एक शब्द माफीचा बोलावा, बाईनं मोठं मन करावं, पाहुण्यांची गाडी निघेल, घरातली गोष्ट घरात राहू द्या.

मोठं मन. आमच्याकडं ते नेहमी एकाच बाजूनं मागितलं जातं.

सत्यशीला भिंतीपासून पुढं आली. भांडं उचललं आणि आबासाहेबासमोर टेबलावर ठेवलं, आवाज न करता.

"माफी नको सर," ती म्हणाली. "हे भांडं धुऊन द्या. तुमचा हात लागलाय त्याला."

शिवरुद्रअण्णांनी अध्यक्षांच्या आवाजात 'बाई' असं काहीतरी सुरू केलं. आप्पा म्हणाले, "अण्णा, जमीन माझी हाय. पाणी बी माझंच हाय. धुतल्याबिगर कुनी जाणार न्हाई."

दत्तरावनं न सांगता चिंचेचा गोळा आणून दिला. बाहेरच्या नळावर आबासाहेब उकिडवा बसला, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, आणि सगळ्या कॉलेजसमोर भांडं घासायला लागला. आप्पांनी खिशात ठेवलेल्या लिंबाचं काम चिंचेनं केलं. पहिल्याच हाताला लाल पट्टा पिवळाधमक झाला. खिडकीत दाटलेल्या पोरांनी ते बघितलं. दोन-तीन हात आणखी घासल्यावर पिवळाही गेला. तो गेला कुठं म्हणाल, तर आबासाहेबाच्या नखांत. दिवाळीपर्यंत तो हात खिशात घालून हिंडत होता, पंडितसारखा. ही थाप वाटत असेल तर वाटू द्या.

पाहुण्यांनी गाडी सोडली आणि आप्पांकडं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात पांढरी भुकटी पडली. पाहुणे ती भुकटी बघत राहिले, मग सत्यशीलेला विचारलं, कधी निघतेस. शेऱ्यावर मंडळानं काट मारली, पण आबासाहेबाला काढलं नाही. तो पुढं प्राचार्य होऊन हार घालून निवृत्त झाला. हेही थाप वाटत असेल, तर ती मी रचलेली नाही.

निघायच्या दिवशी सत्यशीला भांडं पिशवीत घालत होती. दत्तराव दारात घुटमळला. हळदीची पुडी त्याच्या मुठीत होती.

"बाई, वाटंसाठी भांड्याला लावू का? निस्ती हळद."

तिनं थोडा विचार केला. भांडं त्याच्यापुढं धरलं.

"पूजेला नको, दत्तराव. पहाऱ्याला लावा."